एटीव्ही हौद्यात चढवताना

अमेरिकेत ज्याच्याकडे एटीव्ही आहे, त्याला ती वाहून न्यायला आणखी एक गाडी लागतेच. फुगीर, कमी हवेच्या टायरांची ही चारचाकी माती, चिखल, बर्फ आणि रानवाटांसाठी बनवलेली असते. डांबरी रस्त्यावर ती नीट वळत नाही आणि बहुतेक राज्यांत सार्वजनिक रस्त्यांवर तिला सरसकट परवानगीही नाही. त्यामुळे विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीला निघालेला माणूस असो, मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणारा असो, की युटातल्या रानवाटांवर भटकणारा हौशी, प्रत्येकाला आधी ते अडीचशे-तीनशे किलोचे यंत्र पिकअपच्या हौद्यात चढवावे लागते आणि मुक्कामी पोचल्यावर उतरवावे लागते.

एटीव्हीच्या सुरक्षिततेबद्दल अमेरिकेत भरपूर बोलले जाते. हेल्मेट, मुलांचे वय, मागे बसवलेला जास्तीचा माणूस, उतारावरचे उलटणे या सगळ्यांवर सूचनांचे फलक असतात आणि प्रशिक्षणाचे वर्गही असतात. चढवण्या-उतरवण्याचे काम मात्र ‘सामान भरणे’ या खात्यात जमा होते आणि घाईत उरकले जाते. हे मला काळजीचे वाटते, कारण पुष्कळदा दिवसभरातला सर्वांत उभा चढ हाच असतो. तो जेमतेम फूटभर रुंदीच्या दोन पट्ट्यांवरून चढायचा असतो, आणि पडलो तर खाली कडक जमीन असते. यातला बराचसा धोका इंजिन सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. पिकअप कुठे आणि कशी उभी केली, यावर तो ठरतो.

जुन्या काळी हा प्रश्न इतका मोठा नव्हता. होंडाने 1970 साली अमेरिकेच्या बाजारात आणलेले वाहन तीन चाकांचे आणि हलके होते. पुढे 1980 च्या दशकात चारचाकी आल्या, आणि अपघात वाढल्यावर 1988 मध्ये सरकार व उत्पादक यांच्यात झालेल्या कायदेशीर तडजोडीनुसार तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी एटीव्ही मग वाढतच गेली. फोर-व्हील ड्राइव्ह, मोठे इंजिन, पुढे-मागे सामानाचे रॅक, विंच असे एकेक जोडले गेले. आज मध्यम आकाराची एटीव्हीसुद्धा अडीचशे किलोच्या वर जाते आणि मोठ्या इंजिनाच्या साडेतीनशेच्या घरात पोचतात. त्याच काळात पिकअपही उंच होत गेल्या. पूर्ण आकाराच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा मागचा फाळका पाडला, की तो जमिनीपासून साधारण 35 इंचांवर असतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या आसपास. यंत्र जड झाले आणि ते चढवायची उंचीही वाढली, पण रॅम्प अनेकांकडे जुनेच राहिले.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. उंची 35 इंच आणि रॅम्प सहा फुटांचा असेल, तर चढ 29 अंशांचा होतो. साडेसात फुटांचा रॅम्प घेतला तर 23 अंश, आठ फुटांचा घेतला तर 21 आणि दहा फुटांचा घेतला तर 17. समजा यंत्र 270 किलोचे आणि चालवणारा 80 किलोचा, म्हणजे एकूण 350 किलो. 23 अंशांच्या चढावर हे वजन सुमारे 136 किलोच्या जोराने खाली ओढत असते, 29 अंशांवर 170 किलोच्या. दीड फूट लांबीने इतका फरक पडतो.

आणि रॅम्प न बदलताही चढ कमी करता येतो. पिकअपची मागची चाके रस्त्याकडेच्या उथळ चरात उतरवा, किंवा गाडी मागे घेत घेत एखाद्या उंचवट्याला भिडवा आणि रॅम्पचे खालचे टोक त्या उंचवट्यावर टेकवा. उंची नुसती दहा इंचांनी कमी झाली, तरी साडेसात फुटी रॅम्पचा चढ 23 वरून 16 अंशांवर येतो. यासाठी पैसे लागत नाहीत. उंचवटा शोधायला पाच मिनिटे जातात, एवढेच. शेतावर रोज एटीव्ही वापरणारे अनुभवी लोक हे न सांगता करतात. अंगणातल्या सपाट काँक्रीटवर गाडी लावून चढवणारा बहुधा शहरातून आलेला हौशी असतो.

आपल्याकडे कोकणात पॉवर टिलर एका वाडीतून दुसऱ्या वाडीत न्यायचा असतो तेव्हा हीच युक्ती उपयोगी पडते. पिकअप किंवा छोटा हत्ती बांधाला किंवा गडग्याजवळच्या उंचवट्याला भिडवता आला, तर फळ्या जवळपास आडव्या पडतात. चारशे किलोच्या आसपासचा टिलर मग फारसा चढवावा लागत नाही, सरळ आत चालवता येतो. टिलरची गोष्ट एका बाबतीत एटीव्हीपेक्षा नाजूक आहे. त्याला हाकणारा हँडल धरून मागे चालतो, म्हणजे चढणीवर तो नेमका यंत्राच्या खालच्या बाजूला असतो. टिलर घसरला तर त्याच्यावरच येतो.

आता यंत्र रॅम्पवर असताना काय होते ते जवळून पाहू. पहिली भीती मागे उलटण्याची. सपाट जमिनीवर एटीव्ही आणि चालवणारा यांचे एकत्रित वजन पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये कुठेतरी पडते. चढ लागला की ते मागच्या आसाकडे सरकते, आणि आसाच्या मागे गेले की यंत्र उलटते. ऑस्ट्रेलियाने क्वाड बाइकसाठी, म्हणजे एटीव्हीसाठी, 2019 मध्ये सक्तीचे मानक जाहीर केले. त्यात मागे-पुढे कलण्याची किमान मर्यादा 38.65 अंश ठेवलेली आहे, म्हणजे त्याहून कमी कलावर यंत्र उलटता कामा नये. 29 अंशांचा रॅम्प आणि ही मर्यादा यांच्यात दहाच अंश उरतात, तेही यंत्र स्थिर उभे असेल तर. एकदम थ्रॉटल दाबला, मागच्या रॅकवर सामान तसेच राहिले, चालवणारा सीटवर मागे रेलून बसला, की ते दहा अंश बघता बघता संपतात. म्हणून चढवण्यापूर्वी मागचा रॅक रिकामा करायचा आणि अंग पुढे झुकवून छाती हँडलच्या जवळ आणायची.

दुसरी भीती रॅम्प निसटण्याची, आणि ही पुष्कळांना नीट कळलेली नसते. रॅम्पची वरची जीभ फाळक्याच्या कडेवर नुसती टेकलेली असते. एटीव्ही एकसारख्या संथ गतीने चढत असते तेव्हा चाके रॅम्पला मागे ढकलतात. पण त्याच वेळी तिरप्या पृष्ठावर टेकलेले वजन रॅम्पला पुढे, गाडीकडे दाबत असते. ही दोन्ही बळे एकमेकांना तोलतात आणि रॅम्पवर उरतो फक्त सरळ खाली जाणारा भार. त्या अवस्थेत रॅम्प जागचा हलत नाही. तोल बिघडतो तो गती बदलताना. थ्रॉटल एकाएकी दाबला की मागे ढकलणारे बळ वरचढ होते. किंवा पुढची चाके रॅम्प आणि फाळका यांच्या सांध्यातल्या पायरीला अडतात. फाळका चाकांना मागे रेटतो, तो अडथळा ओलांडायला मागची चाके जास्त जोर लावतात, आणि तो सगळा जास्तीचा जोर रॅम्पला पाठीमागे फेकण्यात जातो. जीभ कडेवरून सुटते. पुढची चाके फाळक्यावर आणि मागची हवेत, अशा स्थितीत यंत्र मागच्या बाजूने कोसळते आणि चालवणारा त्याच्या खाली सापडतो.

या क्षणी हात कसा वागतो तेही लक्षात घ्यायला हवे. मोटरसायकलचा थ्रॉटल मुठीने फिरवायचा असतो. एटीव्हीचा थ्रॉटल उजव्या अंगठ्याखालची एक छोटी पट्टी असते. पुढची चाके पायरीला ठेचकाळली की अंग पुढे हिंदकळते, मूठ आवळली जाते आणि अंगठा नकळत पट्टी दाबतो. नेमक्या नको त्या क्षणी इंजिनाला जास्त पेट्रोल मिळते. एक तर रॅम्प उडतो, नाही तर यंत्र उसळी मारून हौद्यात शिरते आणि केबिनची मागची काच फोडते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. रॅम्प गाडीला बांधायचा. चांगल्या रॅम्पसोबत सुरक्षा-पट्टे किंवा साखळ्या येतात. त्यांचे एक टोक रॅम्पला आणि दुसरे पिकअपच्या मागच्या हिचला किंवा चासीच्या भक्कम भागाला अडकवून ताणून घ्यायचे. ढिला पट्टा कामाचा नाही, कारण तो ताणला जाईपर्यंत जीभ सुटलेली असते. बरेच जण हे पट्टे रॅम्पच्या खोक्यातच राहू देतात, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महागात पडणारी हयगय हीच आहे. दुसरे, पिकअपही पुढे सरकता कामा नये. गिअर पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असला तरी बहुतेक पिकअपमध्ये दोन्हींचा परिणाम मागच्याच चाकांवर होतो. म्हणून पुढच्या चाकांना गुटके किंवा चांगले दगड लावायचे.

आणखी एक बारकावा. यंत्राचा भार फाळक्यावर आला की पिकअपचे मागचे स्प्रिंग दबतात आणि गाडी मागून काही इंच बसते. रॅम्पचे वरचे टोक त्याबरोबर खाली येते आणि खालचे टोक जमिनीवर थोडे मागे घसरते. सगळे जागेवर आहे असे पाहून चढायला सुरुवात केलेली असते, आणि मधेच मांडणी बदलते. पट्टे ताणलेले असतील तर हे निभावते. अॅल्युमिनियमच्या रॅम्पवर बर्फ किंवा ओला चिखल असेल तर निभावत नाही. आधी तो झाडून काढायला हवा, आणि टायरांच्या खाचांत भरलेला चिखलही. लाकडी फळ्यांविषयी एवढेच सांगेन, की ओल्या फळीवर टायर घसरतात आणि गाठ असलेली फळी कुठे मोडेल ते वरून कळत नाही. यंत्राच्या आणि माणसाच्या एकत्रित वजनासाठी किती क्षमता आहे, हे लिहिलेला रॅम्प घ्यावा. कमानीसारखा वाकलेला असेल तर उत्तम. तो वरच्या टोकाला सपाट होत जातो, त्यामुळे सांध्यातली पायरी सौम्य होते आणि यंत्राचे पोट कडेवर टेकत नाही.

फाळक्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाडलेला फाळका दोन बाजूंच्या दोन तारदोरांवर लटकलेला असतो. जनरल मोटर्सने 2004 मध्ये 36 लाखांहून अधिक पिकअप परत बोलावल्या, त्या याच दोरांसाठी. जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी दोर आतून गंजून तुटत होते आणि त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे दोर बसवावे लागले. ज्या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या जुन्या गाडीचे दोर हाताने वाकवून, प्लास्टिकच्या वेष्टणाखाली गंज फुगला आहे का ते पाहून घ्यावे. हल्ली लोकप्रिय असलेल्या चार दरवाजांच्या पिकअपचा हौदा बहुधा साडेपाच फुटांचाच असतो आणि एटीव्ही सात फुटांच्या आसपास लांब असते. मागची चाके मग फाळक्यावर येतात आणि प्रवासभर खड्ड्याखड्ड्याला त्या दोरांना हिसके बसत राहतात. एटीव्ही नियमित न्यायची असेल तर साडेसहा फुटी हौदा किंवा सरळ छोटा ट्रेलर घ्यावा. ट्रेलरची उंची गुडघ्याइतकी असते आणि वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी तिथे उद्भवतच नाहीत. रुंदीचेही मोजून पाहावे. मागच्या चाकांवरच्या दोन उंचवट्यांमध्ये हौदा साधारण 50 इंच रुंद असतो आणि एटीव्ही 46 ते 48 इंच, म्हणजे दोन्हीकडे मिळून फार तर चार इंच मोकळे.

आता मुख्य प्रश्न, यंत्रावर बसून चढवावे का? माझे उत्तर आहे, टाळता येत असेल तर टाळावे. पुष्कळ एटीव्हींना पुढे विंच बसवलेला असतोच. त्याचा दोर हौद्याच्या पुढच्या टोकाच्या भक्कम कडीला अडकवायचा, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, आणि बाजूला उभे राहून रिमोटने यंत्र वर ओढून घ्यायचे. सीटवर कोणी नसले की वजन कमी होते, ते खालच्या पातळीला राहते, आणि रॅम्प निसटला तरी चिरडायला खाली कोणी नसते. ओढण्याचे बळ पुढून येत असल्यामुळे चाके रॅम्पला मागे ढकलतही नाहीत. वेळ दुप्पट लागतो, तो लागू द्यावा. दोराच्या रेषेत मात्र कोणी उभे राहू नये.

बसूनच चढवायचे असेल तर हेल्मेट घालून, लो गिअरमध्ये, फोर-व्हील ड्राइव्ह लावून. दोन्ही रॅम्प चाकांच्या अंतराला जुळले आहेत का, हे खाली उतरून पाहायचे आणि यंत्र सरळ रेषेत आणायला मागे दहा-पंधरा फूट मोकळी जागा ठेवायची. चढायला लागल्यावर मधे थांबायचे नाही आणि वेगही वाढवायचा नाही. मदतीला उभा राहिलेला माणूस कधीही मागे नको. मित्र हौसेने मागून ढकलायला येतात. त्यांना प्रेमाने पण ठामपणे बाजूला करावे. तीनशे किलोचे यंत्र मागे आले तर ते हातांनी थोपत नाही.

वर गेल्यावर बांधणी. व्यावसायिक मालवाहतुकीसाठी अमेरिकेचा संघीय नियम असा आहे, की माल पुढच्या दिशेने 0.8 जी आणि मागे व बाजूंना 0.5 जी इतक्या धक्क्याला टिकला पाहिजे. म्हणजे करकचून ब्रेक लागला, तर 300 किलोची एटीव्ही 240 किलोच्या जोराने केबिनकडे झेपावेल आणि पट्ट्यांनी तेवढे पेलले पाहिजे. खासगी माणसाला हा नियम तसाच लागू नसला, तरी ब्रेक लागल्यावर बसणारा धक्का त्यालाही तेवढाच असतो. चार कोपऱ्यांना चार रॅचेटचे पट्टे लावावेत, तेही चासीला किंवा कंपनीने नेमून दिलेल्या कड्यांना. सामानाचा रॅक आणि हँडल हे दोन्ही हाताशी येतात म्हणून लोक तिथेच पट्टे अडकवतात, पण ते भाग त्यासाठी बनवलेले नसतात. पट्टे इतके आवळायचे की सस्पेन्शन थोडे दबेल. न दबलेले यंत्र खड्ड्यात खाली बसते, त्या क्षणी पट्टा ढिला पडतो आणि आकडा सुटतो. पार्किंग ब्रेक लावलेला हवा आणि गिअर टाकलेला. व्यावसायिक चालकाने पहिल्या 50 मैलांच्या आत थांबून बांधणी तपासावी, असा नियम आहे. घरच्या गाडीने निघालेल्याने तर पहिल्या पाच-दहा मैलांतच एकदा उतरून पट्टे ओढून पाहावेत, कारण सुरुवातीच्या हादऱ्यांत यंत्र आपली जागा घेते आणि सैल पडायचे ते तिथेच पडते.

उतरवणे हे चढवण्याच्या उलट, एवढेच मानून लोक मोकळे होतात, आणि दमल्यामुळे घाईही करतात. रॅम्प पुन्हा तितक्याच काळजीने बांधायला हवा, पुढच्या चाकांना पुन्हा गुटके हवेत. यंत्र मागे मागे उतरत असते, तोंड वर आणि पाठ उताराकडे. अशा वेळी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला, तर मागची चाके थबकतात आणि बाकीचे यंत्र त्यांच्यावरून मागे उलटू पाहते. वेग रिव्हर्स गिअरने आणि इंजिनाच्या रोधानेच धरून ठेवायचा, आणि ब्रेक लागलाच तर पुढचा, हलक्या हाताने. विंच असेल तर दोर सोडत सोडत यंत्र खाली उतरवणे सर्वांत बरे.

पॉवर टिलर उतरवताना आणखी एक गोष्ट हाकणाऱ्याला आधीच माहीत असावी लागते. सपाट जमिनीवर डाव्या हाताचा स्टीअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो, कारण डावे चाक सुटे होते आणि उजवे ढकलत राहते. उतारावर इंजिन यंत्राला रोखून धरत असते. तिथे सुटे झालेले डावे चाक मोकळेपणी जास्त वेगाने घरंगळते, उजवे रोखलेले राहते, आणि टिलर उजवीकडे वळतो. फूटभर रुंदीच्या फळीवर हे घडले तर सावरायला जागा नसते. म्हणून फळ्यांवर असताना स्टीअरिंग क्लचला हात लावायचाच नाही आणि मुख्य क्लचही सोडवायचा नाही. टिलर फळ्यांच्या रेषेत आहे की नाही, हे हौद्यात असतानाच पाहून घ्यायचे. थोडा जरी तिरका वाटला, तरी फळ्यांवर उतरवण्याआधी तो तिथेच सरळ करून घ्यायचा.